रिषभ मोटरला माफी

माझ्या फोनमध्ये रिषभचं नाव 'रिषभ मोटर' असं आहे. त्याच्या फोनमध्ये माझं नाव 'मिथुन कळसाडी तीन एचपी' असं आहे. म्हणजे आमची ओळख आहे, पण मध्ये पाण्याचा पंप आहे. आमच्या कळसाडी गावाजवळच्या शहाद्याला त्याचं पाइप आणि मोटरींचं दुकान. बाबांनी तिथून पंप घेतला तेव्हा बिलावर माझा नंबर सांगितला, कारण त्यांना स्वतःचा पाठ नव्हता. तेव्हापासून रिषभ बाजारात दिसला की मान हलवतो. मीही हलवतो. मानेच्या पुढे प्रकरण कधी गेलं नाही.

आई-बाबा सुरतेजवळ उधन्याला गेलेत, कामिनीताईच्या बाळंतपणाला. लवकर येतो म्हणाले होते. ताईला जुळी झाली, त्यामुळे मुक्कामही दुप्पट धरला असावा. आता मुलं रांगतात, पण हे काही परतीच्या गाडीचं नाव काढत नाहीत. शेत बटाईनं दिलेलं, त्यामुळे शेतालाही माझी गरज नाही. घरात मी आणि म्हैस. म्हैस माझ्या हाताला दूध देत नाही, शेजारच्या छबूबाई येऊन पिळून नेतात. म्हणजे घरात आम्ही दोघं, आणि त्यातल्या एकीचा माझ्यावर विश्वास नाही.

मी एम. कॉम. आहे. एका शाळेच्या ऑफिसात कंत्राटावर होतो. कंत्राट संपलं. शाळा चालू आहे. बरोबरची पोरं सुरतेला, वापीला, पुण्याला गेली. गेल्या वाढदिवसाला मला पहिली शुभेच्छा एका पेट्रोल पंपाची आली. दुसरी आलीच नाही.

अशात एक दिवस रिषभ मोटरनं स्टेटस ठेवलं: 'नंदुरबारला मामांच्या मिरची पथारीवर हिशेबाला मुलगा पाहिजे. टॅली येणारा. भरवशाचा.' पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोठं मोकळं मैदान. सीझनला तिथे ओली लाल मिरची पसरून वाळवतात, आणि वाऱ्याची दिशा बदलली की रस्त्यावरून जाणारी एसटीसुद्धा शिंकते. मला टॅली येतं. भरवशाचं म्हणाल तर तसं सांगायला घरात साक्षीदार नव्हता.

मी मेसेज लिहायला घेतला. 'नमस्कार रिषभशेठ, ओळखलंत का?' खोडला. नाही म्हणाला तर? 'रिषभशेठ, तीन एचपी बोलतोय.' हाही खोडला. ज्या माणसाशी आपण आजवर फक्त मानेनं बोललो, त्याच्याकडे एकदम नोकरी कशी मागायची? मधे एखादा चहा तरी व्हायला पाहिजे. चहा होण्यासाठी दुकानात जायला पाहिजे. दुकानात जायला काहीतरी बिघडायला पाहिजे.

काहीच बिघडलं नव्हतं. तरी गेलो.

"या मिथुनभाऊ. काय देऊ?"

मी तोंड उघडलं. सगळं वाक्य पाठ करून गेलो होतो. तोंडातून आलं, "फूटव्हॉल्व्ह."

फूटव्हॉल्व्ह म्हणजे पंपाच्या पाइपाच्या तळाशी, पाण्यात बसवतात ती झडप. आमची झडप ठणठणीत होती. रिषभनं नवी काढून दिली.

"आजून काही?"

"नाही."

चार दिवस जाऊ दिले आणि परत गेलो. परत वाक्य पाठ. परत "काय देऊ?" परत फूटव्हॉल्व्ह. रिषभनं झडप देता देता माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण बोलला नाही. घरी दोन्ही झडपा कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवल्या. विहीर एक, झडपा तीन. असंच चालू ठेवलं असतं तर नोकरी मिळायच्या आत मीच दुकान टाकलं असतं.

तिसऱ्यांदा जायचं ठरवलं त्या दिवशी शहाद्याचा अर्धा बाजार बंद होता. संवत्सरी होती. जैनांचं पर्युषण त्या दिवशी संपतं आणि वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याची माफी मागायची असते. आमच्याकडे हे पोराटोरांनाही माहीत असतं, कारण त्या दिवशी किराणावाला, कापडवाला, सोनार, भुसारवाला, सगळे आपली माफी मागतात. वर्षभर ज्यांच्यापुढे आपण हात जोडतो, ते एक दिवस आपल्यापुढे जोडतात. लोक 'आमच्याकडूनही' असं उत्तर देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाव करायला लागतात.

दुपारी मला मेसेज आला. रिषभ मोटर. 'वर्षभरात मन, वचन, कायेनं, जाणता अजाणता आपलं मन दुखावलं असेल तर अंतःकरणापासून खमत खामणा. पुखराजजी, हुलासबाई, रिषभ आणि परिवार.' खाली हात जोडलेली चित्रं.

हा मेसेज सगळ्या गिऱ्हाइकांना गेलाय हे मला माहीत होतं. मी मूर्ख नाही. पण तुम्ही सकाळपासून कोणाशीही बोललेला नसलात, आणि म्हशीनंही तुमच्याकडे पाठ केलेली असेल, आणि तेवढ्यात फोन वाजून कोणी 'आपलं मन' असं म्हणालं, तर जरा बसून वाचावंसं वाटतं. मी तो चार वेळा वाचला. मग वाटलं, हीच संधी आहे. थोडी गंमत करावी, तो हसेल, मी हसेन, ओळख मानेवरून तोंडावर येईल, आणि त्या हसण्यात पथारीचं विचारून घेता येईल.

मी लिहिलं: 'नाही. माफ केलं नाही.'

पाठवलं. पुढचं वाक्य 'गंमत केली हो शेठ! ते पथारीचं काय झालं?' असं टाईप करत होतो, तेवढ्यात बाहेर धाड असा आवाज झाला. म्हशीनं खुंटा उपटला होता आणि खुंट्यासकट ती शेजारच्यांच्या उसात निघाली होती. मी फोन खाटेवर टाकून तिच्यामागे पळालो. उसात शिरलेली म्हैस बाहेर काढणं हे काम एम. कॉम.ला शिकवत नाहीत. छबूबाई बांधावर उभ्या राहून सांगत होत्या, "आरे, तिले नावनं हाक मार!" म्हशीला नाव नव्हतं. शेवटी छबूबाईंनी नुसतं "ये वं माय" म्हटलं आणि ती आली.

घरी येऊन फोन पाहिला तर रिषभचे सात मिस्ड कॉल. इतके कॉल मला वर्षभरात मिळून आले नव्हते. मी परत लावला तर फोन बंद. सूर्य कलला होता, तो प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला बसला असणार. मी 'गंमत केली' असा मेसेज टाकला. एकच टिक आली. सकाळ झाली तरी एकच टिक.

सकाळी मी दात घासत असताना अंगणात स्कूटर थांबली. वर रिषभ. अंगात पांढरा कुर्ता, डोळे ओढलेले.

"फोन कालपासून बंदच ठेवेल शे," तो उतरता उतरता म्हणाला. "मिथुनभाऊ, मन्हं काय चुकनं?"

माझ्या तोंडात फेस होता. त्यामुळे मला लगेच खरं सांगता आलं नाही, आणि तेवढ्यात तो पुढे बोलून गेला.

"मायनी अठाई शे. आठ दिन नुस्तं उकळेल पानी. आज तिन्हं पारणं. मी काल तिले तुन्हा मेसेज वाची दाखाडा, मन्हीच अक्कल! आते ती बठेल शे आन म्हनस, तो माफ करस तवलोंग मी तोंडमां काही घालाव नही."

मी चूळ भरली. चूळ भरायला माणसाला किती वेळ लागू शकतो याचा मी त्या दिवशी अंदाज घेतला.

"चहा घेशील?" मी विचारलं.

"माय उपाशी बठेल शे आन मी चाय पेवू?"

"बरोबर आहे."

"चाल. गाडीवर बठ."

बसलो. इथे कोणीही म्हणेल, सांगून टाकायचं होतं ना की बाबा गंमत होती. मी सांगणारच होतो. कळसाडीच्या फाट्यापर्यंत सांगायचं असं ठरवलं. पण फाट्याच्या आधीच रिषभ मान मागे वळवून बोलायला लागला.

"तू दोनदाव दुकानवर उना व्हता. तुन्हं तोंड उतरेल व्हतं. मी रिद्धीले बोलनू बी, या पोऱ्याले काही सांगनं शे, पन हाऊ झडप लई जास."

रिद्धी त्याची बायको. म्हणजे माझ्या तोंडाविषयी शहाद्यात एका घरात जेवताना बोलणं झालं होतं.

"तवय मी इचाराले पायजे व्हतं," रिषभ म्हणाला. "गिऱ्हाइक व्हतं समोर. नही इचारं. तेच लागनं का तुले?"

वारा होता. मी "अं" म्हटलं. अं म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही.

"उखाबाबा कशा शेतस?"

"बाबा उधन्याला आहेत. ताईकडे."

"आन माय?"

"तीपण."

"मंग घरमां कोन?"

"म्हैस."

तो हसला नाही. त्यानं स्कूटर जरा हळू केली. दोन्ही बाजूंना कापूस होता, रस्ता रिकामा होता, आणि पुढे बसलेला माणूस माझ्या घरी कोण आहे याचा विचार करत होता. मी फाटा जाऊ दिला. मग लोणखेड्यापर्यंत सांगू म्हटलं. लोणखेडंही गेलं.

त्यांचं घर दुकानाच्या वर. जिन्यापाशीच चपलांचा ढीग होता. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं, आणि मी आत शिरताच सगळी गप्प झाली. माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं लक्ष कोणी देईल असं वाटत नाही. मध्ये खुर्चीवर हुलासबाई बसल्या होत्या, रिषभच्या आई. लाल चुनरीची साडी, चेहरा अगदी लहान झालेला. समोर चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी, ताटलीत सुंठीच्या गोळ्या. पारण्याला घरातल्या प्रत्येकानं तपस्वीला एकेक चमचा भरवायचा असतो. चमचा हातात घेऊन रिद्धी उभीच होती. मुगाचं पाणी निवून गेलं होतं.

"हाच का?" खुर्चीवरून एक जाडसर गृहस्थ म्हणाले.

"हाच, मामा," रिषभ म्हणाला.

म्हणजे हे अभिनंदन मामा, हुलासबाईंचे भाऊ, नंदुरबारचे. पथारीचे मालक. बहिणीच्या पारण्याला माहेरचे लोक येणारच, हे मला आधी सुचायला हवं होतं. ज्या नोकरीसाठी मी विहिरीला तीन झडपा केल्या, ती नोकरी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून माझ्याकडे रागानं बघत होती.

पुखराजजींनी सुरुवात केली. ते रिषभचे वडील, दुकान मुळात त्यांचं. "मी हिला सांगितलं, आपलं काम माफी मागायचं. द्यायची की नाही ते पुढच्याचं. शास्त्र तेच सांगतं. पण ऐकते कोण! बरं, तुमची अडचण काय आहे भाऊ? मोटर गरम होते का?"

"नाही, शेठजी."

"पाणी कमी फेकते?"

"नाही, चांगलं फेकते."

"मग वॉरंटीचं काही असेल तर कार्ड आणा. कार्डाशिवाय कंपनी..."

"अहो!" हुलासबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की सगळे पुढे वाकले. "मोटर राहू द्या. बेटा, तू बस."

मला खुर्ची दिली. ती नेमकी मामांच्या शेजारी होती.

"मी आठ दिवस पोट रिकामं ठेवलं," हुलासबाई मला म्हणाल्या. "आणि आमच्या घराच्या नावानं एक माणूस मनात दुःख घेऊन बसला, तर माझं तप काय उपयोगाचं? तू सांग. लहान असेल तरी सांग. कोणी हसणार नाही."

कोणी हसणार नाही हीच तर अडचण होती. खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं, काकी, तुम्ही सकाळपासून माझ्या विनोदासाठी उपाशी आहात. तेही सांगता आलं नाही. आणि नोकरीचं बोलावं तर ते खंडणीसारखं दिसलं असतं: इकडे म्हातारी उपाशी, तिकडे मामांकडे जागा, करा सौदा. मी चमच्याकडे पाहिलं. रिद्धीनं तो दुसऱ्या हातात घेतला.

"मी दुकानात दोनदा आलो," मी म्हणालो. "रिषभशेठनं दोन्ही वेळा विचारलं, आजून काही? मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही."

हे कारण इतकं बारीक होतं की ते कुठे ठेवावं हे कोणाला कळेना. पुखराजजींनी रिषभकडे असं पाहिलं की बघ, दोनदा विचारून थांबतात का कधी?

रिषभ पुढे आला. त्यानं खरोखर हात जोडले. "खमत खामणा, मिथुनभाऊ."

"माफ केलं," मी म्हणालो. "सगळं माफ. आधीचं, पुढचं, मोटरचंही."

हुलासबाईंनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि तोंड उघडलं. पहिला चमचा पुखराजजींनी भरवला, मग मामांनी, मग रिषभनं. मी मागे सरकत होतो, तर हुलासबाईंनी मलाच बोटानं बोलावलं. रिद्धीनं माझ्या हातात चमचा दिला. मी आयुष्यात कोणाला भरवलेलं नाही. अर्धं पाणी त्यांच्या हनुवटीवरून साडीवर गेलं. "राहू दे राहू दे," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाला हात लावला. हात थंडगार होता. माझ्या गालाला हात लागून किती दिवस झाले ते मी मोजायला गेलो आणि मग मोजणं सोडून दिलं.

मग सगळ्यांनी खाल्लं. मलाही ताट दिलं, आग्रह केला, कोणीतरी माझ्या पाठीवर थापही मारली. मामा शेजारी बसून शिरा खात होते. मी मनात वाक्य जुळवलं: मामा, मी एम. कॉम. आहे, टॅली येतं.

"काय करता तुम्ही?" मामांनीच विचारलं.

"एम. कॉम. झालंय, मामा. टॅली येतं. सध्या काम शोधतोय."

मामांनी चमचा थांबवला. सगळं त्यांच्या ध्यानात आल्यासारखं वाटलं.

"वाईट वाटून घेऊ नका," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याकडे जागा आहे. पण पथारीवर दिवसभर कटकट असते. शेतकरी वजनावरून भांडतो, हमाल भांडतो, ड्रायव्हर भांडतो. तिथे माणूस कसा पाहिजे, संध्याकाळी पाणी मारलं की सगळं वाहून गेलं पाहिजे. 'परत विचारलं नाही' एवढंही मनात ठेवणारा मुलगा मला नाही जमणार."

"मी मनात ठेवत नाही, मामा."

"आत्ता माझी बहीण उपाशी बसली होती ती कशासाठी?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर त्यांनी मला जिन्यावरून खाली टाकलं असतं. मी शिरा खाल्ला. शिरा चांगला झाला होता.

परत सोडायला रिषभच आला. येताना तो सारखा बोलत होता, जाताना गप्प. हलका झाला होता. गुणगुणतही होता. कळसाडीत माझ्या दारापाशी त्यानं स्कूटर थांबवली.

"आते साफ ना सगळं? मनमां काही नही ना?"

"नाही. साफ."

"मंग बरं व्हयनं."

त्यानं मान हलवली. मी मान हलवली. स्कूटर वळली आणि गेली. मी दारात उभा राहून जरा हिशेब केला. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत एका माणसाला माझं काहीतरी लागत होतं. आता लागत नव्हतं. आमच्यात आता काही म्हणता काही शिल्लक नव्हतं. इतकं साफ घर मी पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस गेले. फोन बंद ठेवून पाहिला, चालू ठेवून पाहिला, फरक पडला नाही. स्टेटस मात्र रोज तेच यायचं: पथारीवर मुलगा पाहिजे. म्हणजे जागा भरली नव्हती. शेवटी एका सकाळी उठलो आणि शहाद्याला गेलो. या वेळी वाक्य पाठ केलं नाही.

दुकानात एक बाई उभ्या होत्या, ब्राह्मणपुरीच्या रेवाबाई. पाइपाला लावायची पट्टी, क्लॅम्प, हवी होती आणि ती कोणत्या मापाची हे आठवत नव्हतं. रिषभ एकेक काढून दाखवत होता.

"या मिथुनभाऊ. काय देऊ?"

"काही नको. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ते मी माफ केलं नाही म्हटलं ना, ती गंमत होती. काहीच चुकलं नव्हतं तुझं. मी दुसरा मेसेजही टाकला होता, पण तुझा फोन बंद होता. आणि तू आल्यावर सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं."

रिषभच्या हातात क्लॅम्प तसाच राहिला. "तो मेसेज मी नंतर दखा," तो हळूच म्हणाला. "वाटनं, तू मन मोठं करी ऱ्हायना. माफ करीसन वरतून गंमत म्हनी ऱ्हायना."

"नाही. खरंच गंमत होती."

"मन्ही माय उपाशी बठेल व्हती."

"हो."

"तू तिले चमचा भरावा."

"हो."

"आन मी सगळा रस्ता तुले इचारी ऱ्हायंतू, माय कशी, बाबा कशा..."

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हणालो.

रेवाबाईंनी क्लॅम्प शोधायचं थांबवलं होतं.

"दुसरी काय?" त्यानं विचारलं.

"मला मामांकडे काम पाहिजे. झडपा घेतल्या तेव्हाही तेच विचारायचं होतं. तुझी-माझी ओळख एवढी नाही हे मला माहीत आहे. तरी विचारतो."

रिषभनं क्लॅम्प काउंटरवर ठेवला. वाटलं, आता शिवी येईल. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"आत्तेच सगळा गावले खमत खामणा करी उनू," तो त्रासून म्हणाला. "आजून पंधरा दिन बी नही व्हयनात. नवा राग कोठून लयू मी? घरमां मायले काय सांगू?" आणि त्याच त्रासात त्यानं फोन उचलला, मामांना लावला आणि स्पीकरवर टाकून क्लॅम्पच्या खोक्यावर ठेवला, कारण त्याला हातानं रेवाबाईंची मापं काढायची होती.

"मामा, तो कळसाडीना पोऱ्या. हिशेबले."

"तो मनात ठेवणारा?" खोक्यातून मामांचा आवाज आला.

"त्यान्हा मनमां काही नव्हतंच, मामा. तीच भानगड व्हती. नंतर सांगसू." रिषभनं माझ्याकडे पाहिलं नाही. "टॅली येस. सरळ इचारस."

"अरे, टॅली सगळ्यांना येतं रे. सीझनभर पथारीवरच राहायचंय, पत्र्याच्या खोलीत. रात्री मालाजवळ माणूस पाहिजे. एक ठेवला होता, त्याची बायको रोज फोन करून रडायची, गेला. दुसऱ्याला आईनं जेवायला बोलावलं, तो जेवायला गेला तो गेलाच. लोक टिकत नाहीत. हा टिकेल का? कसा आहे माणूस?"

रिषभनं क्लॅम्प खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मला नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत, जशी मोटर देण्याआधी तो पाहतो. मी ताठ उभा राहिलो. मला वाटलं, प्रामाणिक म्हणेल. गमत्या म्हणेल. ओळखीचा म्हणाला तरी चाललं असतं.

"एकटा शे," रिषभ म्हणाला.

"म्हणजे?"

"घरमां कोनी नही. कोनी बलावत नही. राही."

मामा म्हणाले, "मग सोमवारी पाठव," आणि फोन ठेवला.

"व्हयनं तुन्हं काम," रिषभ म्हणाला. मी "उपकार झाले" म्हटलं. त्यानं हात झटकला. मला लागावं म्हणून तो बोलला नव्हता, आणि खोटंही बोलला नव्हता, त्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती.

रेवाबाई इतका वेळ माझ्याकडेच बघत होत्या. "कोनीच नही का रे भाऊ तुन्हं?" त्यांनी विचारलं.

"आहेत ना, मावशी. आई-बाबा आहेत, ताई आहे, दोन भाचे आहेत. सुरतेकडे."

"मंग एकटा कसा?"

मी रिषभकडे पाहिलं. त्यानं मान खाली घालून एक क्लॅम्प उचलला, त्यांच्या पाइपाच्या तुकड्यावर चढवून पाहिला. बसला.

"हाऊ लई जा मावशी," तो म्हणाला. "हाऊच शे तुमनं माप."